कॅल्शियमचा डबा

त्या डब्यात कॅल्शियम नव्हतं, हे जगात दोघींनाच माहीत होतं, मला आणि माझ्या धाकट्या बहिणीला. निदान मी तसं धरून चालले होते. पांढरा प्लास्टिकचा डबा, निळं झाकण, वर दुधाच्या ग्लासाचं चित्र. जालन्याच्या बसस्टँडवर बाकड्यावर बसून मी तो रिकामा केला. आतल्या खऱ्या गोळ्या रुमालात बांधून घेतल्या, पुढं दोन महिने मीच खाल्ल्या, टाकायच्या कशाला. आणि त्यांच्या जागी डिप्रेशनच्या साठ गोळ्या पट्टीतून एकेक फोडून भरल्या. रिकाम्या पट्ट्या तिथंच कचऱ्याच्या पेटीत, कागदात गुंडाळून, खाली दाबून.

बारा वर्षं झाली, मी एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत पॅकिंगला आहे. पाकिटावर एक नाव आणि आत दुसरंच बी, ही आमच्याकडं सगळ्यात मोठी चूक. एकदा भेंडीच्या लेबलाखाली गवार गेल्ती, तर सुपरवायझरनं आख्खी पाळी दोन तास उभी केल्ती, आणि सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला होता, की अशा बायांना कामावर ठेवतातच कशाला! ती मी. आणि बसस्टँडवर बसून डब्याचं झाकण घट्ट लावताना मला काही म्हणजे काही वाटलं नाही. उलट वाटलं, वा, काय डोकं चालवलं!

बहीण केदारखेड्याला दिलेली. सातव्या महिन्यात तिचं लेकरू पोटातच गेलं. मुलगी होती. आई-बाप दोघंही नाहीत, त्यामुळं माहेर म्हणजे मीच. सव्वा महिना माझ्याकडं काढून ती परत गेली आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. वेणी नाही, अंघोळ नाही, ताटात वाढलेलं तसंच. पहिले दोन महिने सगळ्यांनी समजून घेतलं. तिसऱ्या महिन्यापासून गल्लीतल्या बाया त्याला नाटकं म्हणायला लागल्या. तिचा नवरा तसा वाईट माणूस नाही, दारू नाही, हात उचलणं नाही. पण एक दिवस त्याचा फोन आला. म्हणाला, "अक्का, आमच्या गल्लीत एकाची बायको अशीच येडी झाल्ती. त्यानं तिला माहेरी नेऊन घातली ती घातलीच. मला तसं करायचं न्हाई, पण..." त्या 'पण'च्या पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. मी म्हटलं, "पाव्हणे, बाळंतपणानं हाडं पोकळ झालीत तिची. मी दाखवते जालन्याला." हाडांचं खोटं तिथून सुरू झालं.

कंपनीत माझ्या शेजारच्या टेबलावर एक आपा बसते. तिच्या भावाला असंच झाल्तं. ती म्हणाली, "देख बाई, देवऋषी-बिवऋषी के नादी मत लग. दिमाग की बीमारी है, दवा खाई तो बराबर होती." मनाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता तिनंच दिला. त्या बाईंनी बहिणीशी तासभर बोलून घेतलं, मग तिचा ईसीजी काढायला लावला. मी म्हटलं, दुखणं मनाचं आणि तारा छातीला? तर म्हणाल्या, "गोळी चांगली आहे, पण एखाद्याच्या काळजाचे ठोके बिघडवते. उठताना डोळ्यापुढं अंधारी आली, चक्कर येऊन पडलात, छातीत धडधडलं, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. आणि एकाची गोळी दुसऱ्यानं खायची नाही, म्हाताऱ्या माणसांनी तर अजिबात नाही." हे सगळं मी ऐकलं. माझे कान शाबूत होते. 'तुला बिचारीला काय माहीत असणार' असं म्हणून कुणी मला माफी देऊ नये, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दोन महिन्यांत फरक पडला. पहिल्यांदा ती उठून केस विंचरायला लागली, मग भाकरी थापायला, मग शेडनेटमध्ये जायला. त्यांच्याकडं मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट आहे, हिरव्या जाळीखाली. तिथं बायका सकाळी चिमट्यानं एकेक कळी उघडून आतले नर काढतात आणि दुसऱ्या जातीच्या फुलाची पावडर लावून खूण म्हणून दोरा बांधतात. हात थरथरला की कळी मोडते. माझी बहीण पूर्वी त्या कामात पहिल्या नंबरची होती. ती परत चिमटा धरून बसलेली मी बघितली तेव्हा जाळीच्या बाहेरच उभी राहून रडले मी, खोटं कशाला बोलू. एक दिवस शेळीनं नवऱ्याच्या खिशातला रुमाल ओढून खाल्ला तर ती हसली, पोट धरून हसली. घरात सगळे हातातलं काम सोडून तिच्याकडं बघत बसले.

तिची सासू उंबऱ्यात बसली होती. बहीण तिला आत्याबाई म्हणते, मी मावशी. सत्तरीची बाई, काटक, गुडघे तेवढे गेलेले, बीपीची गोळी आणि पायावरची सूज उतरायची एक पाण्याची गोळी चालू. बोलायची कमी. हसताना मी तिला कधीच पाहिलं नव्हतं, पोराच्या लग्नात अंगावर हळद पडली तेव्हाही नाही. मला वाटायचं, घमेंडखोर बाई आहे. त्या दिवशी मी तिसऱ्या खेपेचा डबा द्यायला आल्ते. ती मला म्हणाली, "तुझ्या बहिणीला लई गुण आला गं कॅल्शियमचा. मला बी आण की एक डबा."

मी पुढच्या सुट्टीला तसाच पांढरा डबा, निळं झाकण, आत खरं कॅल्शियम, असा नेऊन तिच्या हातात ठेवला. तिनं झाकण उघडलं, एक गोळी तळहातावर घेऊन बघितली. "ह्या मोठ्या हायेत. तिच्या बारीक हायेत."

"वयाप्रमाणं असतात, मावशी."

"अस्सं व्हय," म्हणाली आणि डबा कनवटीला लावून आत गेली. किती सफाईनं बोलले मी! माझं मलाच कौतुक वाटलं.

त्यानंतर वीसेक दिवसांनी बहिणीचा फोन. "अक्का, गोळ्या संपल्या."

माझं डोकंच फिरलं. दोन महिन्यांच्या गोळ्या वीस दिवसांत? मला एकच गोष्ट सुचली. ही साठवून राह्यलीय. एकदम खायला साठवून राह्यलीय. रजा टाकली, सकाळची पहिली गाडी धरली, केदारखेड्याला उतरले ती तडक शेडनेटमध्ये. आत आधीच घाम फुटत होता. मी तिच्या हातातला चिमटा हिसकून घेतला आणि दबक्या आवाजात, शेजारच्या ओळीतल्या बायांना ऐकू जाऊ नये म्हणून दात आवळून, तोंडाला येईल ते बोलले. कुठं लपवल्यास? मरायचंय का तुला? माझ्या तोंडाला काळं फासायचंय का? ती म्हणाली, "अक्का, तुझी शपथ, मी रोज एकच खाल्ली." मी म्हटलं, "माझी शपथ घेऊ नको, मला अजून जगायचंय." तिचे डोळे भरले. मी तरी ऐकलं नाही. तिची पेटी धुंडाळते म्हणून घराकडं निघाले.

ओट्यावर मावशी बसली होती. "आली का बाई, बस, पाणी आणते," म्हणून ती उठली. दोन पावलं चालली, दाराच्या चौकटीकडं हात केला, तो चौकटीपर्यंत पोचलाच नाही. ती उभीच्या उभी खाली आली. डोकं जात्याच्या पाळीला लागता लागता वाचलं. तोंडाचा रंग राखेसारखा, डोळे अर्धे उघडे. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवा म्हणालं, कुणी तोंडावर पाणी मारलं. मिनिटभरानं तिनं श्वास घेतला आणि "काय झालं?" म्हणून सगळ्यांकडं बघितलं. शेजारीण म्हणाली, "उन्हानं. परवा नळावर बी अशीच पडल्ती." दुसरी म्हणाली, "आन् गोठ्यात पडल्ती ती?" म्हणजे ही तिसरी वेळ. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ऑक्टोबरच्या उन्हात चक्कर कुणाला येत नाही?

पोरानं, म्हणजे बहिणीच्या नवऱ्यानं, शेजाऱ्याची जीप काढली. राजूरवरून जालना. मागच्या सीटवर मावशीचं डोकं बहिणीच्या मांडीवर, पाय माझ्या मांडीवर. वाटेत ती दोनदा ओकली. एकदा छातीवर हात ठेवून म्हणाली, "आत चिमणी फडफडून राह्यलीय." मला तेव्हाही काही कळलं नाही. मी अजून बहिणीवर रागावलेलीच होते.

दवाखान्यात ईसीजी निघाला. डॉक्टर तरुण होता, कागद दोनदा उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "ह्यांना कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत? सगळ्या सांगा." पोरानं आईच्या कमरेची पिशवी काढून टेबलावर पालथी केली. बीपीची पट्टी. पाण्याच्या गोळीची पट्टी. तंबाखूची डबी. आणि पांढरा डबा, निळं झाकण. डॉक्टरनं डबा उघडला. आत मोठ्या गोळ्या, गळ्यापर्यंत भरलेल्या. एकही कमी झालेली नव्हती. "कॅल्शियम. ठीक आहे. आणखी काही? दुसऱ्या कुणाची गोळी वगैरे?"

"न्हाई," पोरगा म्हणाला.

त्या भरलेल्या डब्याकडं मी बघत राहिले. तिच्या बारीक हायेत, असं ती म्हणाली होती. बहिणीच्या गोळ्या कुठं गेल्या ते मला लख्ख कळलं. बहिणीकडं बघितलं तर ती आधीच माझ्याकडं बघत होती. तिलाही कळलं होतं.

मी गप्प बसले. डॉक्टर समोर, तिचा नवरा शेजारी, आणि मी गप्प. एक वाक्य होतं फक्त. ते बोलले असते तर डॉक्टरला कारण मिळालं असतं. आणि बहिणीच्या नवऱ्याला कळलं असतं की बायको 'येड्याच्या' गोळ्या खाते, चार महिने त्याला फसवून खाते, आणि त्याच गोळ्यांनी त्याच्या आईचं काळीज बंद पडायची वेळ आली आहे. हे कळल्यावर कोणता माणूस त्या बाईला घरात ठेवेल? मी हिशोब केला तो असा. एका पारड्यात म्हातारी, एका पारड्यात माझी बहीण. मी माझं पारडं धरून बसले.

दुपारी बाराला आम्ही पोचलो होतो. मावशीला मशीन लावलं. तिला ओकाऱ्या होतच होत्या, म्हणून सिस्टरनं ओकारी थांबायचं इंजेक्शन दिलं. दोनच्या सुमाराला बहीण मला जिन्याजवळ घेऊन गेली आणि म्हणाली, "अक्का, सांगू आपण." मी म्हटलं, "थांब, सलाईननं उतरतील त्या गोळ्या. डॉक्टर बघून राह्यलेत ना? पाणी प्यायलं की सगळं निघून जातं." असं डॉक्टरसारखं बोलले मी, बारावी पास, पॅकिंगवाली. तीनला ती परत म्हणाली. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. बाकड्यावर दोघी शेजारी बसलो होतो, येणारा-जाणारा समजत असेल, बहिणी एकमेकींना धीर देऊन राह्यल्यात.

पाच वाजायच्या आत आतलं मशीन ओरडायला लागलं. सिस्टर पळाली, डॉक्टर पळाला. पडदा अर्धा उघडाच राहिला होता. मावशीचं अंग खाटेवर ताठ झालं होतं आणि मान एका बाजूला गेली होती. डॉक्टर तिच्या छातीवर दोन्ही हात ठेवून दाबत होता. पोरगा दाराला धरून "आई, आई" करत होता, चाळिशीचा बाप्या माणूस. माझ्या हातातलं मनगट एकदम निघून गेलं. बहिणीनं असा झटका दिला की माझी काचेची बांगडी फुटली. ती सरळ आत घुसली आणि मोठ्यानं, सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणाली, "डॉक्टर, आत्याबाई माझ्या गोळ्या खात व्हत्या. त्या कॅल्शियमच्या न्हाईत. डिप्रेशनच्या हायेत. मी खाते त्या. साठ व्हत्या, वीस दिवसांत संपल्या, मी एकच खाल्ली रोज. म्हंजी दिवसाला दोन त्यांच्या पोटात गेल्या."

"नाव सांगा गोळीचं." तिला नाव पाठ होतं. मला वाटलं होतं तिला वाचताही येत नसेल ते.

त्यानंतर काय काय केलं ते मला नीट सांगता येणार नाही. दुसऱ्या बाटल्या लावल्या, रक्तातलं पोटॅशियम अगदी कमी झालंय असं कुणी तरी म्हणालं, पाण्याच्या गोळीनं ते आधीच उतरलं होतं. साडेसहाला डॉक्टर बाहेर आला. ठोके जाग्यावर आलेत म्हणाला. मग माझ्याकडं वळला, कारण मी मोठी दिसत होते. "दुपारी मी विचारलं तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"इथंच होते."

"मला माहीत असतं तर ते ओकारीचं इंजेक्शन मी दिलंच नसतं. ह्या गोळीबरोबर ते चालत नाही. ठोके आणखी बिघडतात." एवढंच बोलला आणि गेला. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बहिणीचा नवरा बायकोकडं असा बघत होता, घरात शिरलेल्या परक्या बाईकडं बघावं तसा.  मला म्हणाला, "अक्का, आईला घरी नेलं की तुम्ही तुमच्या बहिणीला घेऊन जा. चार महिने तुम्ही दोघींनी मला बैल समजलं."  बहीण म्हणाली, "बरं." बस, एवढंच. जिच्यासाठी मी एवढं सगळं केलं ती 'बरं' म्हणून भिंतीला टेकून उभी राहिली, आणि तिचा चेहरा मला परत ती भिंतीकडं तोंड करून पडली होती त्या दिवसांतला दिसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी मावशीला जनरल वॉर्डात आणलं. मी चहा घेऊन गेले, मनात म्हटलं, आता ही मला चपलेनं मारेल आणि मारावंच तिनं. तिनं आधी पोराला जवळ बोलावलं. आवाज बसलेला होता. "हिला कुठं धाडायचं न्हाई," ती म्हणाली. "तिनं मला कायबी दिलं न्हाई. मी चोरी केली. तिच्या डब्यातून चोरून खाल्ल्या. चोर मी हाये, मला धाड कुठं धाडायचं ते." पोरगा म्हणाला, "आई, तुला काय म्हाईत त्यात काय व्हतं. तू कॅल्शियम समजून..." ती म्हणाली, "तू ज्यूस आण मला, मोसंबीचा." आईनं ज्यूस मागितलेला त्यानं जन्मात ऐकलं नसेल. तो गेला. बहीण डॉक्टरच्या खोलीबाहेर कागद घेऊन बसली होती.

मावशीनं माझा हात धरून मला खाटेवर बसवलं. "मला म्हाईत व्हतं," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"ते कॅल्शियम न्हाई ते. बाई, कॅल्शियमनं कोणी हसतं का?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

"माझी पह्यली पोरगी अकरा महिन्यांची व्हऊन गेली. चालाया लागल्ती. दुसऱ्या दिशी माझ्या हातात खुरपं दिलं अन् रानात धाडलं. तवापासून हे." तिनं छातीवर हाताचा पंजा पालथा ठेवला. "बसल्यालं हाये. पाटा ठेवल्यावानी. पोरं झाली, लग्नं केली, नातवंडं बघितली, त्ये काय उठलं न्हाई. मला वाटायचं, समद्यांनाच असंल. मंग तुझी बहीण भितीकडं तोंड करून पडली, मी वळखलं. मी म्हणलं, ही आता माझ्यावानी व्हणार. आन् ती उठली की गं! चार महिन्यांत उठली! शेळीकडं बघून हसली! मंग मी रातच्याला डोळ्याला डोळा लावला न्हाई. मी म्हणलं, मला का न्हाई?"

"मावशी, मला सांगायचं..."

"सांगितलं की. तू मोठ्या गोळ्या आणून दिल्या."

 ती पुढं म्हणाली, "तिला एक, तर माझं जुनं दुखणं, म्हणून म्या दोन घेत गेले. चक्कर आली तरी घेतल्या. कारण शेवटच्या चार-पाच दिसांत सकाळी उठल्यावर इथं काय न्हवतं. मोकळं. म्या ओट्यावर बसून नुसतं झाडाकडं बघत व्हते. बिलकुल कायबी न्हवतं." आणि ती हसली. एक दात पुढचा नाही, सलाईनची सुई हातात, आणि हसली. मी तिला घमेंडखोर म्हणत होते.

मग तिनं माझा हात जरा जोरात दाबला. "डॉक्टर म्हणला, ती गोळी आता बंद. काळीज झेपत न्हाई. मंग दुसरी असंल का गं? माझ्या काळजाला चालंल अशी? तू त्या तुमच्या डॉक्टरीणबाईला इचार. तुला बोलता येतं बराबर."

मी म्हटलं, "विचारते, मावशी."

मी विचारलं नाही.

कारणं सांगते, सगळी खरी आहेत आणि एकही कामाचं नाही. त्याच दुपारी बहिणीच्या नवऱ्यानं आईच्या शब्दावरून तिला घरी ठेवायचं कबूल केलं होतं. तिच्या गोळ्याही चालू ठेवा म्हणाला, पण उघड ठेवा, डब्यात नाही. एवढं जुळलेलं मला परत उसवायचं नव्हतं. परत त्या घरात 'डिप्रेशन' हा शब्द न्यायचा आणि तोही म्हाताऱ्या आईच्या नावानं, माझी छाती झाली नाही. शिवाय मला वाटलं, सत्तर वर्षं काढली, राहिलेली निघतील, ह्या वयात कुणी नवीन औषध सुरू करतं का. आणि खरं सांगू? मला थोडा रागही होता. तिच्यामुळं माझं खोटं उघडं पडलं होतं. लई हट्टी होता तो राग.

मावशी घरी गेली. ईसीजी चांगला आला, पुढच्या महिन्यातही चांगला आला. चक्कर गेली. बहीण शेडनेटमध्ये जात होती, नवरा तिला गोळीची आठवण स्वतः करत होता. मी दोनदा जाऊन आले. दोन्ही वेळेला मावशी खाटेवर भिंतीकडं तोंड करून होती. पहिल्यांदा तिनं वळून विचारलं, "इचारलं का?" मी म्हटलं, "बाई गावाला गेल्यात." दुसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. बहीण म्हणाली, "जेवत न्हाईत, अक्का. मी भरवते तर तोंड मिटून घेतात. मी बसते त्यांच्यापाशी, पण त्या माझ्याकडं बघतच न्हाईत." मी म्हटलं, म्हातारपण आहे.

संक्रांतीच्या आधी मावशी गेली. बहीण सकाळी उठवायला गेली तर उठली नाही. गोधडी झटकली तर खालून बीपीच्या गोळ्या निघाल्या, दीड महिन्याच्या, एकीलाही तोंड लावलेलं नाही. तेराव्याला लोक म्हणत होते, सुखानं गेली, झोपेत गेली, नशीब काढलं. बहीण सगळ्यांसमोर उठून आत निघून गेली.

त्यानंतर बहिणीच्या गोळ्या आणायला मी डॉक्टरीणबाईंकडं गेले. बाहेर नंबर लागायला वेळ होता, आत गेले तर बाईंनी आधी बहिणीचं विचारलं, मग म्हणाल्या, "आणि त्या सासूबाई? मी वाट बघत होते, तुम्ही त्यांना घेऊन याल. तुमच्या बहिणीनं फोनवर सगळं सांगितलं होतं मला."

मी म्हटलं, "गेल्या त्या."

बाईंनी कधी ते विचारलं, मी सांगितलं. मग म्हणाल्या, "त्यांना उपचार देता आला असता. काळजाला चालतील अशी दुसरी औषधं आहेत, म्हाताऱ्या माणसांना देतो आम्ही, ईसीजी बघत बघत. त्यांनी कधी काही विचारलं नाही का?"

"विचारलं होतं," मी म्हणाले. "मला विचारलं होतं."